करंट, पेट्रोल, हवा

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालची होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, म्हणजे हा दिवस ठरलेलाच होता. वर्तमानपत्रांनी तिच्याविषयी भरभरून लिहिलं. त्या टॅक्सीच्या चालकांकडे जी एक शिस्त होती, तिच्याविषयी मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. पद्मिनी बंद पडली की चालक खाली उतरून बॉनेट उघडायचा आणि ठरलेल्या क्रमाने तीन गोष्टी बघायचा. करंट येतोय का, पेट्रोल येतंय का, हवा जातेय का. या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत इंजिन खोलायची भाषा कुणी करत नसे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. त्यात संगणक नव्हता, सेन्सर नव्हते. कार्ब्युरेटर, पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप आणि ठिणगीचा क्षण ठरवणारे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, एवढाच संसार. पावसात गाडी दमली की डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतला दमटपणा कोरड्या फडक्याने पुसायचा. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपर मारायचा. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी धापा टाकून थांबली, तर पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन ते अडलं असणार, हे अनुभवाने माहीत असायचं. मग पंपावर ओलं फडकं ठेवायचं, पंप निवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुढे निघायचं. यातला कुठलाच उपाय महाग नव्हता, आणि प्रत्येकामागे एक विचार होता. जे स्वस्त आहे, हाताशी आहे आणि वारंवार बिघडतं, ते आधी बघायचं.

गाडीच्या इंजिनातला बिघाड शोधण्याची ही रीत पुढच्या प्रकरणांचा विषय आहे. कार्ब्युरेटर गेला, पॉइंट गेले, चोकची कळ गेली. आजची गाडी स्वतःच्या तक्रारी स्वतः नोंदवून ठेवते. तरीही रस्त्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांमागची कारणं बघितली, तर त्यांत उतरलेली बॅटरी, सैल टर्मिनल, उडालेला फ्यूज, कमी झालेलं कूलंट आणि रिकामी टाकी हीच मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. गाड्या बदलल्या म्हणून शोधण्याचा क्रम बदलत नाही. उलट सुटे भाग महाग झाल्यामुळे तो क्रम पाळण्याची गरज वाढली आहे.

इंजिनाच्या गरजा मोजक्या आहेत. पेट्रोल इंजिनाला हवा हवी, इंधन हवं, नेमक्या क्षणी ठिणगी हवी आणि आत घेतलेलं मिश्रण घट्ट दाबलं जाईल असा बंदिस्त सिलिंडर हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे आकारमानात मांडलं तर धक्का बसतो, कारण एका लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळपास नऊ हजार लिटर हवा ओढून घेतं. म्हणून एअर फिल्टर ही चैनीची वस्तू नाही. गाडी उभी असताना, मिनिटाला आठशे फेऱ्यांवर, एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला चारशे स्फोट होतात. त्यांतला अधूनमधून एखादा चुकला की गाडी थरथरते, पिकअप जातो आणि गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग मारतेय’ असं सांगितलं जातं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. तिथे हवाच इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून डिझेल गाडीत इंधनाची वाट, तिच्यात शिरलेली हवा आणि फिल्टरमध्ये साचलेलं पाणी यांकडे आधी लक्ष जायला हवं.

गाडी सुरू होत नाही, असं मालक सांगतो तेव्हा जाणकार मेकॅनिक पहिला प्रश्न एकच विचारतो. सेल्फ फिरतोय का? या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. सेल्फ फिरत नसेल तर पेट्रोल, प्लग, फिल्टर या सगळ्यांची चौकशी त्या घडीला व्यर्थ आहे. दोष बॅटरी, तारा, स्टार्टर किंवा चावीच्या बाजूला आहे. सेल्फ जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. इंधन किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी पोहोचत नाही. या दोन तक्रारी वरवर सारख्या वाटतात आणि त्यांची गल्लत झाली की लोक चांगली बॅटरी बदलून घरी जातात. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तिथेच.

सेल्फ स्टार्टर ही आता इतकी अंगवळणी पडलेली सोय आहे की तो किती मोठं काम करतो याचा विसर पडतो. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने बनवलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला, तोपर्यंत इंजिन हँडल मारून हाताने फिरवावं लागे आणि ते उलटलं की मनगट मोडे. आज तेच काम एक लहानशी मोटर करते आणि त्यासाठी छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढते. गाडीतला दुसरा कुठलाही दिवा, पंखा किंवा हॉर्न याच्या जवळपासही जात नाही. इथेच एक फार मोठा गैरसमज जन्माला येतो.

‘लाइट लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे.’ हे वाक्य प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकू येतं. त्याचं गणित मांडून बघण्यासारखं आहे. समजा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी जमली आहे आणि तिथे केवळ ०.०२ ओहम इतका अडथळा तयार झाला आहे. हेडलाइट दहा अँपिअर घेतात, म्हणजे त्या जोडावर ०.२ व्होल्ट वाया जातील. डोळ्यांना फरक कळणारही नाही. आतला छोटा दिवा तर अर्ध्या अँपिअरवर चालतो, त्याला काहीच जाणवत नाही. पण सेल्फने दीडशे अँपिअर मागितले की त्याच जोडावर तीन व्होल्ट अडकतात. बॅटरीपाशी दहा-अकरा व्होल्ट आणि स्टार्टरपाशी सात-आठ. मोटर फिरत नाही, फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी गंजून अरुंद झालेल्या पाइपातून नळाला धार कशी येणार? थेंब-थेंब पाणी मात्र येतं, आणि त्यावरूनच आपण सगळं ठीक आहे असं समजतो.

मल्टिमीटर बाजारात काहीशे रुपयांना मिळतो आणि या गणिताची खातरजमा मिनिटभरात करून देतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या चार्ज असलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरतो. १२.२ म्हणजे ती अर्धी उतरली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून तोच दाब बघितला आणि तो साडेनऊच्या बराच खाली कोसळला, तर बॅटरी खरोखर थकली आहे. इंजिन चालू असताना मीटरने साधारण १३.८ ते १४.५ दाखवायला हवं. तेवढं दाखवलं नाही तर दोष अल्टरनेटरच्या बाजूला आहे, आणि नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणार. आणखी एक चाचणी बहुतेकांना माहीत नसते, पण ती सर्वांत मोलाची आहे. मीटरची एक टोची बॅटरीच्या खुंटीच्या माथ्यावर, दुसरी त्याच खुंटीला आवळलेल्या टर्मिनलच्या धातूवर, आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. जोड स्वच्छ असेल तर मीटर जवळपास शून्य दाखवतो. तिथे अर्धा, एक, दोन व्होल्ट दिसले, तर चोर जागेवर पकडला गेला.

त्या भुकटीचा इलाज स्वयंपाकघरात मिळतो. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ते पाणी जुन्या टूथब्रशने टर्मिनलवर लावायचं. फेस येऊन आम्ल मरतं. मग साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, खुंटी आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करायची, टर्मिनल घट्ट आवळायचं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवायचा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा नियम पाठ करण्याऐवजी समजून घ्यावा. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लावलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर बॅटरीतला सगळा करंट त्या पान्यातून धावतो. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सुरू करतानाही शेवटची निगेटिव्ह क्लिप उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावतात, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो.

निगेटिव्ह केबलचं दुसरं टोक मात्र नेहमी विसरलं जातं. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी खाली चिखलात, पाण्यात असते. कोकण किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ती आतून कुजते आणि वरून धड दिसते. सेल्फ कधी फिरतो, कधी नाही. हेडलाइट मंद होतात. मीटरच्या काट्यांना वेड लागतं. एक बोल्ट उघडून, घासून, आवळला की या सगळ्या तक्रारी एकदम जातात. विदर्भात वेगळी गोष्ट घडते. तिथला मे महिना बॅटरीच्या प्लेटा झिजवतो, पण गाडी तेव्हा तक्रार करत नाही. गरम इंजिन हलकं फिरतं. डिसेंबरच्या गार पहाटे तेल घट्ट झालेलं असतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान हिवाळ्यात उघडं पडतं. दोष थंडीच्या माथी मारला जातो.

बॅटरी-टर्मिनल नीट असूनही सेल्फ निपचित असेल, तर आणखी काही साध्या गोष्टी उरतात. कित्येक नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मारूच देत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये लागतो. आणि मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. किल्लीतला नाण्याएवढा सेल बदलून किंवा दुसरी चावी वापरून बघावी. अशा गाड्या टो करून गॅरेजला नेल्या जातात आणि तिथे पोहोचल्यावर कारण कळतं.

आता दुसरी बाजू. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. इथे पहिला प्रश्न विचारायला लोकांना संकोच वाटतो, आणि तो विचारलाच पाहिजे. टाकीत पेट्रोल आहे का? काटा अडकतो, टाकीतला तरंगता गोळा बिघडतो, गाडी उतारावर उभी असेल तर उरलंसुरलं पेट्रोल एका कोपऱ्यात जातं. महाराष्ट्रातल्या सीएनजी गाड्यांमध्ये हा प्रश्न जास्तच खरा आहे. यांतल्या बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. रोजचा धंदा गॅसवर चालतो म्हणून पेट्रोलची टाकी तळाला गेलेली असते, उरलेलं महिनोन्‌महिने पडून असतं. पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी कोरडी ठेवून पाच-सहाशे रुपयांचं पेट्रोल वाचवायचं आणि पंपासाठी काही हजार मोजायचे, असा हा व्यवहार होतो.

पंप चालतोय का, हे कानाने कळतं. चावी ‘ऑन’ करून सेल्फ न मारता शांत बसलं, तर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. पंप दाब तयार करतो आणि थांबतो. ती गुणगुण आलीच नाही तर फ्यूज, मग रिले, मग पंपाचा प्लग, आणि सर्वांत शेवटी पंप. फ्यूजबॉक्समध्ये अनेकदा एकाच बनावटीचे दोन रिले शेजारी असतात. हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी बसवला आणि गाडी सुरू झाली, तर फुकटात निदान झालं. अर्थात दोन्हींचा नंबर सारखा आहे हे वाचून मगच.

फ्यूजबद्दल एक जुनं उदाहरण इथे सांगायला हवं. टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे ताइची ओनो आपल्या लोकांना एकच प्रश्न पाच वेळा विचारायला लावत. यंत्र का थांबलं? जास्त भार पडून फ्यूज उडाला. भार का पडला? बेअरिंगला पुरेसं वंगण मिळालं नाही. का मिळालं नाही? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? पंपाला गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत गेला. पहिल्याच उत्तरावर थांबून फ्यूज बदलला असता तर यंत्र सुरू झालं असतं आणि काही दिवसांनी पुन्हा थांबलं असतं. साध्या गोष्टी आधी बघणं म्हणजे वरवरची डागडुजी, असा समज करून घेणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. उडालेला फ्यूज सापडणं ही शोधाची सुरुवात आहे. नवा फ्यूज लगेच उडाला तर त्या जागी तार गुंडाळणं किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज लावणं हा गाडीला आग लावायचा मार्ग आहे. तिथे तार कुठेतरी घासली आहे, आणि पावसाळ्याच्या दिवसांत ती उंदराने कुरतडलेली असण्याची शक्यता बरीच मोठी. उभ्या गाडीचं इंजिन उबदार आणि कोरडं असतं. उंदराला याहून बरी जागा सोसायटीत दुसरी नाही.

‘हे सगळं जुन्या जमान्याचं झालं, आता स्कॅनर लावला की कळतं,’ असं तरुण मालक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सोळा पिनांचं एकसारखं निदान-सॉकेट देणं सक्तीचं झालं. भारतातही उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशी ही व्यवस्था आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर नवी गाडी तिच्याशिवाय विकताच येत नाही. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर आता सामान्य मालकाच्याही आवाक्यात आहे. ही मोठी सोय आहे आणि ती जरूर वापरावी.

अडचण कोड वाचण्यात नसून कोडचा अर्थ लावण्यात आहे. पी०१७१ हा अगदी नेहमी दिसणारा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडतंय आणि संगणकाला ते सावरता येत नाही. ही माहिती त्याला ऑक्सिजन सेन्सरने दिली, म्हणून घाईत ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो. बातमी आणणाऱ्यालाच फाशी! वास्तविक एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप वळणावर चिरला असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि हाच कोड येतो. व्हॅक्यूमची बोटाएवढी नळी निसटली तरी हाच. हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला तरी हाच. इंधनाचा फिल्टर तुंबला, पंप थकला तरी हाच. यांतला चिरलेला पाइप हाताने वाकवून बघितला की दिसतो आणि निसटलेली नळी तर डोळ्यांनीच दिसते. कोड गुन्ह्याचं ठिकाण सांगतो, गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. तपास माणसालाच करावा लागतो, आणि तो करण्याचा क्रम पद्मिनीच्या चालकाला जो ठाऊक होता तोच आहे.

अंदाजाने भाग बदलत जाणं हा आजच्या दुरुस्तीतला सर्वांत खर्चिक रोग आहे, असं ठामपणे म्हणायला हरकत नाही. आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर, मग सेन्सर. प्रत्येक वेळी ‘आता बघू’ आणि प्रत्येक वेळी नवं बिल. यात नेहमी मेकॅनिकच दोषी असतो असंही नाही. ‘काय ते बदला, पण संध्याकाळी गाडी द्या’ असं म्हणणारा मालक तपासाला वेळच देत नाही. मराठी मुलखात तपासाची मजुरी द्यायची सवय नाही; वस्तू बदलली तरच पैसे देणं योग्य वाटतं. ज्या उस्तादाने दोन तास शोधून एक सैल प्लग दाबून बसवला, त्याच्या हातावर पन्नास रुपये टेकवले जातात. मग पुढच्या वेळी तो शोधण्याच्या भानगडीत का पडेल? हा विचार मालकांनी करायला हवा.

काही वेळा मात्र साधी तपासणी म्हणजे काहीही न करणं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ इथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्यात बुडाल्या. पाण्यात अडकलेली गाडी बंद पडली की हात आपोआप चावीकडे जातो, आणि इथेच घात होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ज्या इंजिनाला केवळ कोरडं करून वाचवता आलं असतं, त्याचं पूर्ण काम निघतं. म्हणून पाण्यातून ओढून काढलेल्या गाडीचं पहिलं काम एअर फिल्टरची पेटी उघडणं. फिल्टर ओला असेल तर चावीला हात लावायचा नाही. डिपस्टिक काढून बघायची. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलं आहे. असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनच्या संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, हेही पावसाळ्याआधी तपासावं.

गरम होणाऱ्या गाडीचंही असंच. खंबाटकी किंवा कसारा घाटात रस्त्याकडेला वाफा सोडणारी गाडी दिसते तेव्हा चूक बहुधा आदल्या आठवड्यात झालेली असते. कूलंटची टाकी पारदर्शक असते, तिच्यावर कमाल-किमान अशा रेघा असतात, आणि थंड इंजिनावर ती पातळी बघायला पाव मिनिट लागतं. पातळी खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. पातळी बरोबर असूनही गर्दीत गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले यांवर संशय घ्यावा. वेगात असताना समोरून येणारं वारंच पंख्याचं काम करतं. काटा चढलाच तर एसी बंद करून, हीटर पूर्ण गरमवर टाकून, सुरक्षित जागी थांबावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर येतं. ‘गावापर्यंत जाऊ, मग बघू’ या हट्टापायी शे-दोनशे रुपयांच्या पाइपाऐवजी हेड गॅस्केटचं बिल येतं.

मीटरवरचा तेलाच्या कॅनचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणायलाही वेळ नसतो. इंजिन त्याच क्षणी बंद करायचं आणि सपाट जागी काही मिनिटांनी डिपस्टिक बघायची. तेलाच्या दाबाविना बेअरिंग मिनिटांत जातात. पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा मात्र स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरून महामार्गावर थांबायची गरज नाही. तो लुकलुकू लागला तर मात्र मिसिंग इतकं वाढलंय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकू शकतं. वेग कमी करून लवकर थांबावं.

पुढच्या प्रकरणांमध्ये हे सगळं सविस्तर येतं. धुराचा रंग काळा, निळा की पांढरा यावरून काय समजावं, काढलेल्या प्लगचं टोक बदामी आहे की काजळलेलं यावरून काय वाचावं, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की काय होतं, डिझेलच्या लाइनमधली एअर कशी काढावी, मॅन्युअलमधल्या फ्यूजच्या तक्त्याचा अर्थ कसा लावावा. मर्यादाही स्पष्ट सांगितल्या आहेत. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांमधल्या नारिंगी केबल, एअरबॅगच्या पिवळ्या तारा, गॅसचा वास येणारी सीएनजी गाडी यांना मालकाने हात लावू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटं लांब ठेवावीत. पद्मिनीच्या काळात प्लगची वायर हातात धरून ठिणगी बघत, ते आजच्या कॉइलच्या बाबतीत करू नये. झटका जीवघेणा ठरू शकतो आणि संगणकही जळू शकतो.

ही प्रकरणं वाचून कुणी मेकॅनिक होणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. अपेक्षा आहे ती गॅरेजमध्ये शिरताना मालकाने नीट तक्रार सांगावी एवढीच. ‘गाडी बिघडली’ यातून काही कळत नाही. ‘गार असताना ठीक चालते, गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडते, परवा पेट्रोल भरल्यापासून सुरू झालं, बॅटरी १२.५ दाखवते, पंपाचा आवाज येतो’ असं सांगितलं, तर उस्तादाचा निम्मा वेळ वाचतो आणि नको ते भाग बदलण्याचा मोह दोघांनाही होत नाही.

वाचकाने पुढचं प्रकरण उघडण्याआधी एक काम करावं. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणातून ओनर्स मॅन्युअल काढावं, फ्यूजबॉक्स कुठे आहे ते शोधावं, गार इंजिनावर कूलंट आणि तेलाची पातळी बघावी आणि बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवून बघावं. ते जराही फिरलं, तर दहा नंबरचा पाना घेऊन आजच आवळून टाकावं.